अंतराळ उड्डाणाचे खेळ आणि गतिशास्त्राचे शिक्षण

३ जून १९६५ रोजी अमेरिकेचे ‘जेमिनी-४’ हे यान दोन अंतराळवीरांना घेऊन पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचले. ज्या टायटन अग्निबाणाने ते वर नेले होते, त्याचा रिकामा झालेला दुसरा टप्पाही जवळपास त्याच कक्षेत फिरत होता. त्याच्याजवळ जाऊन काही काळ त्याच्या सोबतीने उड्डाण करावे, अशी कामगिरी यानाचे प्रमुख जेम्स मॅक्डिव्हिट यांच्याकडे सोपविण्यात आली होती. मॅक्डिव्हिट हे कसलेले वैमानिक होते. समोर दिसणाऱ्या वस्तूकडे यानाचे तोंड करावयाचे आणि इंजिनाचा रेटा द्यावयाचा, हे विमान चालविणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्यांनीही तेच केले. परंतु तो टप्पा जवळ येण्याऐवजी खाली आणि दूर सरकू लागला. पुन्हा रेटा दिला, पुन्हा तेच घडले. अखेर निम्म्याच्या आसपास इंधन खर्ची पडल्यावर हा प्रयत्न सोडून द्यावा लागला.

यानात कोणताही बिघाड नव्हता. चूक झाली ती अंदाजात. जमिनीवर व हवेत वावरून माणसाच्या मनात गतीविषयी जे आडाखे पक्के झालेले असतात, ते कक्षेत लागू पडत नाहीत. नेमकी हीच चूक आज संगणकासमोर बसलेली शाळकरी मुले करतात, त्याच प्रकारे इंधन संपवितात आणि मग ती का झाली याचा शोध घेऊ लागतात. अंतराळ उड्डाणाचे काही संगणकीय खेळ भौतिकशास्त्राच्या खऱ्या नियमांवर उभारलेले आहेत. करमणुकीच्या या साधनाकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहण्यासारखे काय आहे आणि कोठे सावध राहावे लागते, याचा विचार येथे केला आहे.

वेग वाढविला की मागे पडावयाचे

मॅक्डिव्हिट यांना आलेला अनुभव थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होतो. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३०० किलोमीटर उंचीवर वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७३ किलोमीटर असतो आणि त्याची एक प्रदक्षिणा साडेनव्वद मिनिटांत पुरी होते. ४०० किलोमीटर उंचीवर हाच वेग ७.६७ किलोमीटर असतो व प्रदक्षिणेस साडेब्याण्णव मिनिटे लागतात. खालच्या यानाचा मार्ग लहान असतोच, शिवाय त्याचा वेगही अधिक असतो. प्रत्येक प्रदक्षिणेत ते वरच्या यानावर दोन मिनिटांची आघाडी मिळविते.

खळ्यावर मळणी चालू असताना तिवड्याजवळचा बैल सावकाश चालतो आणि कडेच्या बैलाला भरभर पावले टाकावी लागतात, हे ग्रामीण भागातील वाचकांनी पाहिलेले असेल. ग्रह-उपग्रहांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. जो केंद्राजवळ असतो त्याची गती जास्त आणि जो कडेला असतो त्याची कमी.

आता, पुढे चाललेल्या यानाला गाठण्यासाठी मागच्या यानाने आपला वेग वाढविला तर काय होईल? वाढलेल्या वेगामुळे त्याची कक्षा उंचावते, उंच कक्षेत प्रदक्षिणेस अधिक वेळ लागतो आणि ते आणखी मागे पडते. म्हणून पुढच्याला गाठावयाचे तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावयाचे, तेथून आघाडी मिळवावयाची आणि योग्य क्षणी पुन्हा वर यावयाचे, हा खरा मार्ग होय. पुढे चंद्रावर उतरलेले एडविन ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी कक्षेतील यानांची भेट हाच विषय घेतला होता. १५ डिसेंबर १९६५ रोजी ‘जेमिनी-६ए’ने ‘जेमिनी-७’ला कक्षेत गाठले, ते अशाच पूर्वनियोजित गणिताच्या आधारे. भारतानेही ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेले ‘स्पेडेक्स’ मोहिमेतील दोन लहान उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांस जोडून दाखविले. या दोन तारखांमध्ये इतके दिवस का गेले, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. ज्याने पडद्यावर एकदा तरी दोन याने जोडण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला तो सहसा पडत नाही.

पूर्वपीठिका

अंतराळयानांचे संगणकीय खेळ हे संगणकाच्या युगाइतकेच जुने आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील ‘पीडीपी-१’ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार केला. पडद्याच्या मध्यभागी एक तारा असे आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने दोन्ही याने ओढली जात. गंमत अशी की यानांनी सोडलेल्या अस्त्रांवर मात्र या आकर्षणाचा परिणाम होत नसे, कारण तेवढी आकडेमोड करण्यास त्या संगणकाची गती अपुरी पडत होती. खेळातील भौतिकशास्त्र कोठपर्यंत खरे असावे हे यंत्राची कुवत ठरविते, याचे हे पहिले उदाहरण.

१९६९ च्या जुलैत ‘अपोलो-११’ चंद्रावर उतरले. त्याच वर्षी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथील जिम स्टोरर या शाळकरी विद्यार्थ्याने चंद्रावर यान उतरविण्याचा खेळ ‘पीडीपी-८’ संगणकासाठी लिहिला. त्यात चित्रे मुळीच नव्हती. दर दहा सेकंदांनंतरची उंची, वेग व उरलेले इंधन यांचे आकडे कागदावर छापून येत आणि पुढील दहा सेकंदांत किती इंधन जाळावयाचे तो आकडा खेळणाऱ्याने द्यावयाचा. इंधन जळते तसतसे यानाचे वजन घटते आणि तोच रेटा अधिक परिणाम करू लागतो, हेसुद्धा त्या मुलाने हिशेबात धरले होते. हा खेळ पुढे बेसिक भाषेत आला, पुस्तकांतून छापला गेला आणि त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. १९७९ मध्ये तर अटारी कंपनीने तो नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात आणला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे खेळ दोन. पहिला ‘ऑर्बिटर’. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डॉ. मार्टिन श्वायगर यांनी तो तयार करून २००० साली प्रथम उपलब्ध करून दिला. तो आरंभापासून विनामूल्य आहे आणि २०२१ मध्ये त्याची मूळ आज्ञावलीही सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्यात सूर्यमाला खरी आहे, अंतरे खरी आहेत आणि एकाच वेळी अनेक खगोलांचे आकर्षण हिशेबात घेतले जाते. त्यात जिंकणे-हरणे असे काही नाही. यान, उपकरणांवरील आकडे आणि गणित एवढेच खेळणाऱ्याच्या समोर असते.

दुसरा ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’. मेक्सिको शहरातील ‘स्क्वाड’ या संस्थेत फेलिपे फालांगे यांच्या कल्पनेतून तो साकार झाला. २०११ च्या जूनमध्ये तो प्रथम लोकांपुढे आला आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. कर्बिन नावाच्या काल्पनिक ग्रहावर राहणारे हिरवे, बुटके, काहीसे बावळट दिसणारे जीव अंतराळ संशोधन करीत आहेत, अशी त्याची मांडणी आहे. टाक्या, इंजिने, पंख, हवाई छत्र्या असे सुटे भाग जोडून अग्निबाण स्वतःच बांधावयाचा व उडवावयाचा. बाह्य रूप विनोदी असले तरी आतील गणित गंभीर आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने आणि २०२० मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेने आपापल्या मोहिमांवर आधारलेली भर या खेळात घालण्यासाठी सहकार्य केले, यावरून त्याचे मोल ध्यानात येईल.

वर जाणे आणि कक्षेत राहणे

नवशिका खेळाडू पहिला अग्निबाण बांधतो तो सरळ वर सोडण्यासाठी. तो वातावरणाबाहेर जातो, आकाश काळे होते, तारे दिसतात आणि मग अग्निबाण जसा गेला तसाच खाली येऊन आपटतो. पुढच्या वेळी खेळाडू दुप्पट इंधन भरतो. अग्निबाण आणखी उंच जातो आणि पुन्हा खाली येतो. येथे खेळाडूची एक दृढ समजूत ढासळू लागते.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, अशी समजूत आपल्याकडे केवळ विद्यार्थ्यांचीच नव्हे, तर चांगल्या शिकलेल्या माणसांचीही असते. वस्तुतः ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे आकर्षण पृष्ठभागावरील आकर्षणाच्या जवळजवळ ८९ टक्के असते. तेथील अंतराळवीर तरंगताना दिसतात ते आकर्षण नसल्यामुळे नव्हे. ते आणि त्यांचे यान सतत एकत्र खाली पडत असतात, आणि आडव्या दिशेचा वेग इतका प्रचंड असतो की पडत असतानाही पृथ्वीची वक्रता त्यांना चुकवीत राहते. हवेचा रोध बाजूला ठेवला तर वस्तू सरळ १०० किलोमीटर उंच फेकण्यास सेकंदाला १.४ किलोमीटर वेग पुरतो. पण पृथ्वीभोवतीच्या अगदी खालच्या कक्षेत टिकून राहण्यास आडवा वेग सुमारे ७.८ किलोमीटर लागतो. वर जाणे हा कामाचा लहान भाग झाला, मोठा भाग आडवे धावण्याचा आहे. म्हणूनच खरे अग्निबाण उड्डाणानंतर थोड्याच वेळात कलू लागतात. श्रीहरिकोट्याहून होणारी उड्डाणे दूरचित्रवाणीवर पाहताना ‘अग्निबाण तिरका का चालला?’ असे मुले विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना चार अयशस्वी उड्डाणांनंतर पडद्यावर आपोआप सापडते.

इंधनाचे गणितही असेच हाती येते. रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार अग्निबाणाला मिळणारा वेग हा बाहेर पडणाऱ्या वायूंचा वेग आणि आरंभीच्या व अखेरच्या वजनांचे गुणोत्तर यांवर अवलंबून असतो. हवेचा रोध व चढणीचे नुकसान धरून पृथ्वीच्या कक्षेत पोहोचण्यास एकूण सुमारे ९.४ किलोमीटर प्रतिसेकंद एवढ्या वेगाची तरतूद करावी लागते. वायूंचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरला तर वजनांचे गुणोत्तर २३ येते. म्हणजे उड्डाणाच्या वेळी २३ टन असलेल्या अग्निबाणापैकी २२ टन इंधनच असले पाहिजे आणि उरलेल्या एका टनात टाक्या, इंजिन, सांगाडा व उपग्रह हे सारे बसविले पाहिजे. रिकाम्या टाक्या वाटेतच टाकून देणारे टप्प्याटप्प्यांचे अग्निबाण का बांधावे लागतात, हे या एका आकड्यावरून उमजते.

या खेळांत इंजिन केव्हा चालवावयाचे, हा प्रश्न किती चालवावयाचे याइतकाच महत्त्वाचा ठरतो. यान लंबवर्तुळाकार कक्षेत पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे उपभू बिंदूवर असताना त्याचा वेग सर्वाधिक असतो. तेवढ्याच वेळात ते अधिक अंतर तोडत असल्याने त्याच रेट्याकडून अधिक कार्य होते आणि तेवढ्याच इंधनात ऊर्जेची अधिक वाढ मिळते. ओबर्थ या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी सोडलेल्या आपल्या मंगळयानाने सरळ मंगळाची वाट न धरता पृथ्वीभोवती फेऱ्या घेत, उपभू बिंदूजवळ इंजिन चालवून आपला अपभू बिंदू क्रमाक्रमाने दूर नेला, तो याच कारणाने. ११ नोव्हेंबरच्या चौथ्या प्रयत्नात अपभू एक लाख किलोमीटरवर जावयाचा होता; तो सुमारे ७८ हजारांवरच थांबला. दुसऱ्याच दिवशी पूरक प्रज्वलन करून ती उणीव भरून काढण्यात आली, १ डिसेंबरला यान मंगळाकडे निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी तेथे पोहोचले. २०२३ मध्ये चांद्रयान-३ नेही चंद्राकडे वळण्यापूर्वी अशाच फेऱ्या घेतल्या. वृत्तपत्रांतील त्या वेळच्या आकृत्यांत एकात एक गुंतलेली लंबवर्तुळे पुष्कळांनी पाहिली. ती काढण्याचे काम स्वतः केल्याशिवाय त्यामागील काटकसर फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

खेळ कोठे खरा, कोठे खोटा

एवढे गुण सांगितल्यावर दोषांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. शिक्षकाने तर नाहीच नाही. ‘कर्बल’मधील कर्बिन ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दशांशाहूनही कमी आहे, पण पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच ठेवले आहे. असा ग्रह खरोखर असावयाचा तर त्याची घनता पाण्याच्या ५८ पट हवी. ऑस्मियम या अत्यंत जड धातूची घनताही पाण्याच्या २३ पटींहून कमीच भरते. ही तडजोड खेळ आटोपशीर व्हावा म्हणून केलेली आहे. कर्बिनच्या खालच्या कक्षेत सेकंदाला २.३ किलोमीटर वेग पुरतो आणि तेथे पोहोचण्यास एकूण तरतूद सुमारे ३.४ किलोमीटरची लागते. मघाच्या सूत्रात हा आकडा घातला तर वजनांचे गुणोत्तर २३ ऐवजी जेमतेम ३ येते. कर्बिनवरून एकाच टप्प्याचा अग्निबाण कक्षेत नेणारा विद्यार्थी पृथ्वीवरही ते तितकेच सोपे आहे असे समजू लागला, तर खेळाने शिकविण्यापेक्षा बिघडविलेच अधिक असे म्हणावे लागेल.

दुसरी तडजोड अधिक सूक्ष्म आहे. ‘कर्बल’मध्ये यानावर एका वेळी एकाच खगोलाचे आकर्षण चालते. यानाने चंद्राच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली की ग्रहाचे आकर्षण संपते व चंद्राचे सुरू होते. निसर्गात अशी सीमा कोठेही आखलेली नाही. भारताचे ‘आदित्य-एल१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर ज्या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले, तो बिंदू सूर्य व पृथ्वी या दोघांचे आकर्षण एकत्र विचारात घेतल्याखेरीज अस्तित्वातच येत नाही. मूळ स्वरूपातील ‘कर्बल’मध्ये ती मोहीम उडविता येणार नाही, त्यासाठी ‘ऑर्बिटर’कडे किंवा उत्साही खेळाडूंनी तयार केलेल्या पुरवणी आज्ञावलींकडे वळावे लागते. याखेरीज, हवी तितक्या वेळा पेटणारी इंजिने आणि अपघात झाल्यावर उड्डाण आरंभापासून पुन्हा सुरू करण्याची मुभा या सवलती आहेतच. शेवटच्या सवलतीमुळे मुले न भिता चुका करू शकतात हे खरे. पण स्फोटात नाहीसे झालेल्या यानाला पाहून हसण्याची सवय लागते, हेही खरे.

जिम स्टोरर यांच्या जुन्या खेळाची एक हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. २०२४ मध्ये एका अभ्यासकाने त्या आज्ञावलीची बारकाईने तपासणी केली. कमीत कमी इंधनात यान उतरविण्याची जी रीत सिद्धांतानुसार निघते, तिच्याशी खेळातील निष्पत्ती जुळत नव्हती. शोध घेता एका सूत्रात दोनने भागावयाचे राहून गेल्याचे आढळून आले. तब्बल ५५ वर्षे असंख्य लोक तो खेळ खेळले आणि त्याच्या नकलाही निघाल्या, तरी ही त्रुटी कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

वर्गातील उपयोग

माध्यमिक शाळेत या खेळांचा उपयोग करावयाचा झाल्यास खर्चाचा प्रश्न प्रथम उभा राहतो. ‘ऑर्बिटर’ विनामूल्य असल्याने शाळेत एखादा बरा संगणक असला तरी काम भागते. ‘कर्बल’ विकत घ्यावा लागतो. दोन्ही खेळांतील सूचना मराठीत नाहीत. ही अडचण वाटते तितकी मोठी नाही, कारण पडद्यावर महत्त्वाचे असतात ते आकडे. मात्र उपभू, अपभू, रेटा, प्रदक्षिणाकाल या संज्ञांचा पडद्यावरील शब्दांशी मेळ घालून देणारा तक्ता शिक्षकाने आधी फळ्यावर लिहिला पाहिजे. मुले खेळात वेळ घालवितात, ही पालकांची तक्रार निराधार नाही. तासन्‌तास चित्रविचित्र अग्निबाण बांधून ते फोडण्यातही या खेळाचा उपयोग होऊ शकतो आणि तसा तो होतोही.

एका संगणकाभोवती वर्ग बसवावयाचा असल्यास कामे वाटून द्यावीत. एकाने यान चालवावे, दुसऱ्याने उंची व वेग मोठ्याने वाचावेत, तिसऱ्याने ते वहीत वेळेसह टिपावेत. इतरांनी उड्डाणापूर्वीच आपले भाकीत लिहून ठेवलेले असावे. पुढे चाललेल्या यानाकडे तोंड करून एक मिनिट इंजिन चालविले, तर अर्ध्या प्रदक्षिणेनंतर ते जवळ असेल की दूर? बहुतेक मुले ‘जवळ’ असे लिहितील. मॅक्डिव्हिट यांची हकीकत त्यानंतर सांगावी, आधी नव्हे.

प्राथमिक अभ्यास म्हणून ३०० व ४०० किलोमीटर उंचीवरील कक्षांचे वेग मुलांनी प्रथम कागदावर काढावेत आणि मग ‘ऑर्बिटर’मध्ये यान त्या उंचीवर नेऊन उपकरणांवरील आकडा पाहावा. दोहोंत थोडा फरक निघेलच. पृथ्वीची त्रिज्या कोणती धरली, कक्षा खरोखर वर्तुळाकार होती की किंचित लंबवर्तुळाकार, नोंद घेतली त्या क्षणी यान उपभू बिंदूजवळ होते की अपभू बिंदूजवळ, येथून तपासास सुरुवात करावी.